‘स्टम्प’: पिशवीतली एक गाठ आणि तिच्या मागची साडेतीन वर्षं

रिपोर्ट आला तेव्हा टाके काढून आठवडा झाला होता. घरी पाठवताना मी पेशंटला सांगून बसले होते, "साधी गाठ होती, निघाली. आता रक्ताच्या गोळ्या खा आणि विसरा." ही माझी चूक. ती आधीच कबूल करते, कारण पुढचा निम्मा मनस्ताप त्या एका वाक्याने झाला.

पॅथॉलॉजिस्टचा फोन दुपारी ओपीडी संपता संपता आला. आमचा वीसेक वर्षांचा परिचय. एरवी ते फोन करत नाहीत, रिपोर्ट पाठवतात. म्हणाले, "मॅडम, ही साधी आहे असं म्हणवत नाही. आणि कॅन्सर आहे असंही लिहवत नाही."

पेशंटची ओळख पटू नये म्हणून वय, घर, तारखा थोड्या इकडेतिकडे केल्या आहेत.

गाठ

पेशंट 29 वर्षांची, सोलापूरच्या पूर्व भागातली. नवरा यंत्रमागावर, ती घरी टॉवेलांच्या किनारी शिवते, सासूची सगळी उमर विड्या वळण्यात गेली. घरात तेलुगू, बाहेर मराठी. लग्नाला पाच वर्षं, एकदा दिवस गेले होते ते नवव्या आठवड्यात पडलं. त्यानंतर दोन वर्षं काही नाही, आणि पाळीला अंगावरून इतकं जायचं की त्या चार दिवसांत मशीनवर बसणं बंद. हिमोग्लोबिन 7.4. शिवता शिवता कच्चे तांदूळ चघळायची सवय लागली होती, ते तिने विचारल्यावरच सांगितलं, तेही सासू बाहेर गेल्यावर. रक्त कमी झालेल्या बायका तांदूळ, खडू, माती काहीही खातात आणि घरचे त्यांना वेडं ठरवतात.

सोनोग्राफीत गर्भपिशवीच्या मागच्या भिंतीत 9 सेंटीमीटरची गाठ, आतल्या अस्तराला टेकलेली. आठ महिन्यांपूर्वी दुसरीकडे केलेल्या सोनोग्राफीत तीच 6 सेंटीमीटरची होती. झपाट्याने वाढली की कॅन्सर, असं आम्हाला शिकताना डोक्यात भरवलं होतं. पण 1994 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात, गाठ वेगाने वाढली म्हणून ऑपरेशन झालेल्या 371 बायकांमध्ये सार्कोमा, म्हणजे पिशवीच्या मांसाचा कॅन्सर, निघाला फक्त एकीला. तेव्हा पाळी चालू असलेल्या बाईत नुसत्या वाढीला मी घाबरत नाही. त्या दिवशीही घाबरले नाही, आणि एमआरआयही सांगितला नाही. नंतर लोकांनी विचारलं, का नाही केला? केला असता तरी ‘संशयास्पद’ यापलीकडे काही कळण्याची खात्री नव्हती. स्नायूच्या गाठींतला हा मधला प्रकार ऑपरेशनआधी ओळखता येईल अशी भरवशाची तपासणी नाही. आणि फायब्रॉइड, म्हणजे पिशवीच्या स्नायूची साधी गाठ, तर पन्नाशीपर्यंत दर दहातल्या सात-आठ बायकांना कमी-जास्त प्रमाणात असतोच. प्रत्येकीला एमआरआयच्या नळीत घालता येत नाही.

शिरेतून लोहाचं इंजेक्शन, दोन पिशव्या रक्त, मग ऑपरेशन. पोट उघडूनच. दुर्बिणीने करा असा तिच्या एका नातेवाइकाचा आग्रह होता. मी नाही म्हटलं, कारण गाठ मोठी, मागच्या बाजूला, अस्तराला लागलेली. टाके हातानेच नीट बसतील असा माझा हिशेब. त्यात कसलंही दूरदर्शित्व नव्हतं. पण ते वाचवून गेलं. दुर्बिणीतून एवढी गाठ बाहेर काढायची तर ती आत मशीनने भरडून, तुकडे करून काढावी लागते. ते तुकडे पोटात उडाले आणि गाठ वेगळ्या जातीची निघाली, तर रोग पोटभर पेरला जातो. एप्रिल 2014 मध्ये अमेरिकेत औषधं आणि उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या एफडीएने याच कारणासाठी त्या मशीनविरुद्ध इशारा दिला. फायब्रॉइड समजून ऑपरेशन होणाऱ्या साधारण 350 बायकांत एकीला लपलेला सार्कोमा असतो, असा त्यांचा अंदाज होता. तो आकडा फुगवलेला आहे असं म्हणणारे पुष्कळ निघाले, वाद अजून मिटलेला नाही. पण गाठ प्लास्टिकच्या थैलीत बंद न करता पोटात उघड्यावर भरडणं त्यानंतर शहाण्या लोकांनी सोडलं.

साधा फायब्रॉइड सोलला की संत्र्याची साल सुटावी तसा सुटतो. स्क्रू घालून ओढायचं, बोटाने भोवतीचं आवरण मोकळं करायचं, गाठ आपण होऊन वर येते. ही तशी आली, पण एका बाजूला दोन-तीन सेंटीमीटरच्या पट्ट्यात अडली. तिथे बोट शिरेना, कात्री वापरावी लागली. अस्तर एका ठिकाणी उघडलं, ते शिवलं. मग भिंत तीन थरांत. गाठ ट्रेमध्ये ठेवून मध्ये उभी चिरली. फायब्रॉइड चिरताना सुरी करकरते आणि कापलेला भाग फुगून वर येतो; पांढरा, घट्ट, भोवऱ्यासारखी वीण. इथे बहुतेक भाग तसाच होता. पण अडलेल्या बाजूला बोराएवढा एक पिवळसर, मऊ डाग होता, आणि तिथे कापलेला भाग फुगला नाही, बसल्यासारखा झाला. मी फॉर्मवर लिहिलं, ‘डीजनरेशन?’, म्हणजे हा भाग आपोआप झिजला असेल का? त्या प्रश्नचिन्हाबद्दल आज मला बरं वाटतं. डिस्चार्जच्या दिवशी मात्र ते मी तोंडाने म्हटलं नाही.

स्लाइड

स्टम्प हा शब्द इंग्रजी आद्याक्षरं जोडून झाला. पिशवीच्या स्नायूची अशी गाठ, जी पुढे कॅन्सरसारखी वागेल की नाही हे अनिश्चित आहे, एवढाच त्याचा अर्थ. सूक्ष्मदर्शकाखाली पॅथॉलॉजिस्ट तीन गोष्टी पाहतो: पेशींची केंद्रकं किती वेडीवाकडी, दहा मोठ्या क्षेत्रांत किती पेशी दुभंगताना सापडतात, आणि गाठीतला एखादा भाग मेलेला असेल तर तो कशाने मेला. हे तीन निकष 1994 साली स्टॅनफर्डच्या पॅथॉलॉजिस्टांनी 213 अवघड गाठी तपासून पक्के केले. तिन्ही साधे असतील तर फायब्रॉइड. ठरावीक जोड्या वाईट असतील तर लायोमायोसार्कोमा, म्हणजे खरा कॅन्सर. आणि जी गाठ यातल्या कुठल्याच खणात बसत नाही ती स्टम्प. त्यामुळे हा एक रोग नाही. वेगवेगळ्या कारणांनी अडलेल्या गाठींची ही एक पेटी आहे.

आमच्या गाठीत दहा क्षेत्रांत पाच पेशी दुभंगत होत्या. केंद्रकं एका पट्ट्यात मध्यम वेडीवाकडी, बाकी ठीक. घोडं अडलं ते मेलेल्या भागावर. मी लॅबमध्ये गेले तेव्हा पॅथॉलॉजिस्टनी दोन टोकांचा सूक्ष्मदर्शक लावला आणि सोलापूरकराला कळेल असं सांगितलं: "चादर वापरून वापरून विरते तेव्हा धड कापडापासून विरलेल्या भागापर्यंत हळूहळू जातं, मध्ये पातळ झालेला पट्टा असतो. रक्त कमी पडून फायब्रॉइड मरतो तो असा. पण ठिणगी पडली तर भोक आणि त्याला लागून लगेच धड कापड. तसं दिसलं की मी घाबरतो. ही कड बघा. इथे विरल्यासारखी आहे. आणि इथे, तीन मिलिमीटरवर, ठिणगीसारखी." मी दोन्हीकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मला फरक जेमतेम कळला.

मी विचारलं, किती तुकडे पाहिले? चार. 9 सेंटीमीटरच्या गाठीतून चार. त्यांनीच मान खाली घातली. गाठ संशयास्पद असेल तर दर सेंटीमीटरला निदान एक तुकडा घ्यावा हा धडा सगळ्यांना पाठ असतो, पण रोज वीस पिशव्या आणि गाठी येतात तिथे चारच घेतले जातात. नशीब की बरणी फेकली नव्हती. उरलेली गाठ फॉर्मलिनमध्ये होती, आणि मी मध्ये चिरून ठेवली असल्याने आतपर्यंत मुरली होती. न चिरता टाकली असती तर मधला भाग कुजून गेला असता, आणि मग मेलेला भाग कशाने मेला हा प्रश्न विचारण्यातच अर्थ राहिला नसता. आणखी नऊ तुकडे घेतले. ठिणगीसारखी कड पुन्हा एका तुकड्यात सापडली, पक्की म्हणावी अशी नाही. विशेष रंग लावले: पी53 साधं, पी16 तुरळक, वाढीचा निर्देशांक कमी. म्हणजे कॅन्सरकडे ठामपणे बोट दाखवणारं काही नाही.

एक तपासणी मी आग्रहाने करून घेतली. तिशीच्या आत मोठी गाठ आणि विचित्र केंद्रकं असतील तर एफएच नावाच्या जनुकात आनुवंशिक दोष असू शकतो. अशा घरांत बायकांना लहान वयात फायब्रॉइड होतात, कातडीवर दुखऱ्या गाठी येतात, आणि मूत्रपिंडाचा एक वाईट कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या चालतो. तेव्हा प्रश्न एका पेशंटचा राहत नाही, बहिणींचा, भावांचा होतो. तिच्या आईला बोलावून विचारलं. कातडीच्या गाठी नाहीत, घरात मूत्रपिंडाचं कुणाला काही नाही. एफएचचा रंगही शाबूत आला, म्हणजे दोषाची खूण नाही. तो रस्ता बंद झाला.

मग स्लाइड आणि गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे ठोकळे मुंबईला दुसऱ्या मतासाठी पाठवायचं ठरलं. आमच्या जिल्ह्यात ‘बार्शीला नेलं’ किंवा ‘टाटाला नेलं’ म्हटलं की कॅन्सरचं इस्पितळ असाच अर्थ होतो, लोक पुढचं विचारत नाहीत, नुसती मान हलवतात. म्हणून नवऱ्याला आधी समजावून सांगणं भाग होतं. तो मोठ्याने बोलतो. मागाच्या खटखटीत जन्म काढलेल्या माणसांचं तसंच असतं. त्यामुळे माझ्या केबिनमधलं सगळं बाहेर बाकावरच्या बायकांना ऐकू जात होतं.

"मॅडम, काय व्हायलंय नेमकं सांगा की. स्टम्प म्हणजे आउट का?"

मला हसू आलं, पण तो हसत नव्हता. म्हटलं, "आउट नाही. अंपायरला दिसलं नाही नीट, म्हणून थर्ड अंपायरकडे पाठवतोय." त्याला ते एकदम पटलं. नंतर त्याने घरी, गल्लीत, मालकाला, सगळ्यांना तसंच सांगितलं. मे महिना होता, पारा बेचाळीसच्या वर. ठोकळे मेणाचे असतात, उन्हात तापलेल्या डिकीत ठेवू नका म्हणून बजावलं. त्याने ते रुमालात गुंडाळून जेवणाच्या डब्यात घातले आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मांडीवर ठेवून नेले. अठरा दिवसांनी मत आलं. स्टम्पच.

पिशवी ठेवायची की काढायची

सासूबाईंचं मत पहिल्या दिवशीच तयार होतं. "मॅडम, पिशवीच काढून टाका. सून राहू दे, मग बघू. माझी चौतिसाव्या वर्षी काढली, काय झालं मला?" हे म्हणताना त्या गुडघ्यावर हात ठेवून खुर्चीतून उठत होत्या.

"अत्तम्मा, तुमची का काढली होती?" मी सुनेचाच शब्द उचलला.

"पांढरं जात होतं."

पांढरं जातं म्हणून पिशवी काढलेल्या किती बायका या पट्ट्यात आहेत, याची मोजदाद कुणी करत नाही. 2019 मध्ये जवळच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रकार गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तेव्हा माझ्या मनात एक भीती होती, आणि दोन्ही बाजूंनी होती. उगाच काढलेल्या पिशव्यांचा मला राग आहे, म्हणून ही ठेवावी असं तर मला वाटत नाही ना? डॉक्टरचा रागही निर्णयात शिरतो.

माहिती काय होती ते सांगते. स्टम्पच्या पेशंटांचे गट जगभर छोटे आहेत. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमधून 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 41 बायका होत्या; त्यातल्या तिघींना गाठ परत आली, एकीला ती लायोमायोसार्कोमा होऊन आली. इतर गटांत हे प्रमाण कमी-जास्त दिसतं, कारण पेटीत कोणी काय टाकलं यावर ते ठरतं. जगण्याचं प्रमाण चांगलं, पाच वर्षांनी दहातल्या नऊपेक्षा जास्त जणी जिवंत असतात. खऱ्या लायोमायोसार्कोमात चित्र अगदी वेगळं आहे: पहिल्या टप्प्यात सापडला तरी पाच वर्षांनी बऱ्याच जणी राहत नाहीत, आणि तिथे पिशवी ठेवण्याची चर्चा सहसा होत नाही. म्हणून दुसरं मत घेईपर्यंत मी मूल हा विषयच काढला नव्हता.

दोन गोष्टी मात्र लोकांना सांगूनही पटत नाहीत. एक, स्टम्प परत येतो तो पुष्कळदा उशिरा येतो, कित्येक वर्षांनीही, आणि पिशवीतच येतो असं नाही. पोटात, फुप्फुसात येऊ शकतो. दुसरी, पिशवी काढलेल्या बायकांनाही तो परत आलेला आहे. पिशवी काढली की भीती निम्मी होते, हे खरं. धोका तितकाच निम्मा होतो असं दाखवणारा पुरावा नाही. नुसती गाठ काढून पिशवी ठेवलेल्या बायकांना मुलं झाल्याच्या नोंदी आहेत. बहुतेक एकेका केसच्या किंवा छोट्या गटांच्या, पण आहेत, आणि गरोदरपणामुळे गाठ उसळली असं त्यातून सिद्ध झालेलं नाही. या गाठींवर इस्ट्रोजेन या संप्रेरकाला पकडणारे रिसेप्टर अनेकदा असतात, म्हणून गरोदरपणातल्या संप्रेरकांची शंका राहते. शंका, त्याहून जास्त नाही.

गायनॅक कॅन्सर सर्जननी हेच सांगितलं, वर एक भर घातली: आधी एमआरआय आणि छातीची तपासणी करा, सगळं स्वच्छ असेल तरच मुलाचं बोला. दोन्ही स्वच्छ आलं.

निर्णयाला तीन आठवडे लागले. तिची आई ठेवा म्हणाली, सासू काढा म्हणाली, नवरा दोघींच्या मध्ये बसून माझ्याकडे बघत राहिला. तिसऱ्या भेटीत ती एकटी आली. शिलाईचं गाठोडं रिक्षात ठेवून, दहा मिनिटांसाठी.

"पिशवी काढली तर गाठ परत येणारच नाही, असं लिहून द्याल का?"

"नाही."

"आणि ठेवली तर येणारच, असं?"

"तेही नाही."

"मग राहू दे." पुढे थोडं थांबून, "पण तुम्ही पयल्यांदा साधी म्हणाला होतात."

"म्हणाले होते. चुकले."

तिने मान डोलावली. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. मला मात्र प्रत्येक डिस्चार्जला आठवतो. आता रिपोर्ट हातात आल्याशिवाय माझ्या तोंडून ‘साधी’ हा शब्द निघत नाही, आणि घरी जाणाऱ्या पेशंटच्या कागदावर ‘बायोप्सी रिपोर्ट येणे बाकी’ हे मी स्वतः लिहिते, सिस्टरवर सोपवत नाही.

तपासणीचं वेळापत्रक मी हाताने लिहून दिलं. जगभर सगळ्यांनी मान्य केलेलं असं काही नाही. बहुतेक जण पाच वर्षं दर सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षाला एकदा पाहतात. मी पहिली दोन वर्षं चार महिन्यांनी बोलावलं, वर्षातून एकदा एमआरआय आणि छातीचा एक्स-रे. एमआरआयच्या पैशावर घरात भांडण झालं, तेव्हा नवऱ्याने मालकाकडून उचल घेतली. वर्षभर दिवस राहू द्यायचे नाहीत असं ठरलं, आणि त्यासाठी नेहमीच्या गोळ्या नकोत, कारण त्यात इस्ट्रोजेन असतं. हा माझा सावधपणा, नियम नव्हे. सहा महिन्यांनी पिशवी आतून दुर्बिणीने पाहिली, कारण अस्तर उघडलं होतं. एक पातळ चिकटलेली पट्टी होती, ती सोडवली.

दिवस गेल्यावर

ऑपरेशननंतर चौदाव्या महिन्यात दिवस राहिले, आपोआप, कसल्याही उपचाराशिवाय. मला आनंद झाला आणि त्याच संध्याकाळी पोटात गोळाही आला.

पहिले साडेचार महिने बरे गेले. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत मागच्या भिंतीत, जुन्या व्रणाजवळच, 3 सेंटीमीटरची गोल गाठ. सोनोग्राफीच्या डॉक्टरांना तिचा इतिहास माहीत होता. त्यांनी प्रोब ठेवला, काही बोलले नाहीत, मला फोन केला. मी म्हटलं, एमआरआय कधी मिळेल बघते. ते म्हणाले, "थांबा. तिला चहा पिऊन, चार पावलं चालून यायला सांगितलंय. आकुंचन असू शकतं."

गरोदर पिशवी अधूनमधून एखाद्या ठिकाणीच आवळते, आणि सोनोग्राफीत तो फुगवटा हुबेहूब फायब्रॉइडसारखा दिसतो. हे पुस्तकात प्रत्येकाने वाचलेलं असतं; घाई झाली की प्रत्येक जण विसरतो. ती खाली टपरीवर चहा प्यायला गेली. नवरा चहा घेईना. चाळीस मिनिटांनी पुन्हा प्रोब ठेवला. भिंत सपाट. काहीही नाही. मी त्या चाळीस मिनिटांत तीन पेशंट तपासले असं रजिस्टर सांगतं. मला त्यातली एकही आठवत नाही.

पुढचं लवकर सांगते. मागच्या भिंतीतला खोल टाका आणि उघडलेलं अस्तर म्हणजे कळा येऊ द्यायच्या नाहीत. पिशवी त्या जागी फाटण्याचा धोका शंभरात एकापेक्षाही कमी असतो, पण फाटली तर बाळ आणि आई दोघांचा प्रश्न येतो. पोटात सलग दुखलं तर कुणाला विचारत बसायचं नाही, रिक्षा करून यायचं, एवढं नवऱ्याला तीनदा सांगितलं. वार पुढच्या भिंतीला होती, व्रणावर नव्हती. ती व्रणात रुतण्याची भीती त्यामुळे गेली. सदतिसाव्या आठवड्यात सिझेरियन ठरवून केलं, दोन पिशव्या रक्त हाताशी ठेवून.

मुलगी. 2 किलो 650 ग्रॅम. रडायला जरा उशीर केला, मग थांबेना.

बाळ दिल्यावर मी पिशवी बाहेर घेऊन मागची भिंत पाहिली. आतडं दोन ठिकाणी चिकटलं होतं, ते सुटलं. व्रण पातळ पण अखंड. त्याच्या कडेला गव्हाएवढा एक कठीण ठिपका होता, तो काढून तपासायला दिला. पोटाचं आवरण, अंडाशय, आतड्यावरची चरबी हाताने चाचपून पाहिली. ठिपक्याचा रिपोर्ट आला: नुसता व्रणाचा तंतुमय भाग. याही वेळी पॅथॉलॉजिस्टनी स्वतः होऊन फोन केला होता. नाव स्क्रीनवर दिसलं तेव्हा मी क्षणभर उचलला नाही.

मुलगी आता सोळा महिन्यांची आहे. मागच्या महिन्यातला एमआरआय आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ. कॅन्सर सर्जनचं म्हणणं, दुसरं मूल नको असेल तर आता पिशवी काढून टाकण्याचा विचार व्हावा. हेही मत आहे, नियम नाही. त्याच्या बाजूने एक गोष्ट बोलते, की पिशवीत नवीन फायब्रॉइड झाला तर दर वेळी तो साधा की जुना परतलेला हे कोडं पडेल. विरुद्ध बाजूनेही तेच आधीचं, की काढल्याने तपासण्या सुटत नाहीत. मी तिला दोन्ही सांगितलं. सासूबाई या वेळी गप्प होत्या. नात त्यांच्या मांडीवर होती आणि त्यांच्या चष्म्याची काडी ओढत होती.

तिला दुसरं मूल हवंय की नको हे अजून ठरलं नाही. "सहा महिने द्या," म्हणाली. त्याने काही बिघडत नाही, म्हटलं दिले. मग तिने विचारलं, पाच वर्षं झाली की या फेऱ्या बंद ना? बंद नाही, वर्षाला एक. "म्हणजे जल्मभर?" बहुधा. तिने पिशवीतून फाइल काढली. तिच्या आत कॅलेंडरचं फाडलेलं पान होतं, पुढच्या जानेवारीचं, आणि मी सांगितलेल्या तारखेवर तिने आधीच फुली मारली होती.

"त्या आठवड्यात गड्ड्याची जत्रा आहे, मॅडम. पुढच्या सोमवारी येते."

मी रजिस्टरमध्ये पुढचा सोमवार लिहिला.